टपालखातं आपलं काय देणं लागतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या वाचनालयात महिन्यातून दोन शनिवारी टपालाच्या कामांसाठी मदतीचं टेबल लागतं. पत्ता लिहून देणं, फॉर्म भरणं, हरवलेल्या पाकिटाची तक्रार नोंदवणं अशी कामं तिथे होतात. कामाबरोबर प्रश्नही येतात, आणि बहुतेकांच्या मुळाशी एकच शंका असते: पोस्टानं हे करायलाच हवं का, की त्यांची मर्जी? त्याच प्रश्नांची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. दर बदलत असतात, म्हणून तिकीट चिकटवण्याआधी खिडकीवर विचारून घ्यावं.

पोस्टावर सार्वजनिक सेवेचं बंधन आहे म्हणजे नेमकं काय?

कुरिअरच्या माणसाला तुमच्या वाडीपर्यंत येणं परवडत नसेल तर तो फोन करतो, "तालुक्याला येऊन घेऊन जा." तो धंदा करतो, त्याला तसं म्हणता येतं. पोस्टाला तसं म्हणता येत नाही. पत्ता देशात आहे, तिकीट पुरेसं आहे, मग पत्र घ्यायचं आणि पोचवायचं.

ही कल्पना एकट्या भारताची नाही. १८७४ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे स्थापन झालेल्या जागतिक टपाल संघात आज १९२ देश आहेत. भारत त्यात १८७६ पासून आहे, म्हणजे स्वतंत्र होण्याच्या कितीतरी आधी. या संघाच्या करारानुसार प्रत्येक सदस्य देशानं आपल्या भूभागावर सगळीकडे, कायम आणि परवडणाऱ्या दरात चांगल्या दर्जाची मूलभूत टपालसेवा द्यायची असते. "सगळीकडे", "कायम" आणि "परवडणाऱ्या" हे तीन शब्द लक्षात ठेवा, पुढचे बहुतेक प्रश्न त्यांच्याच पोटातले आहेत.

सर्वोच्च न्यायालयानंही १९८० च्या एका निकालात म्हटलं होतं की पोस्ट हे साधं मालवाहतूकदार नव्हे, ती सार्वजनिक सेवेची एक शाखा आहे. वाद होता पाकिस्तानात गेलेल्या व्हीपी पार्सलांच्या (म्हणजे घेणाऱ्यानं पैसे भरून सोडवायच्या पार्सलांच्या) पैशांचा, फाळणीनंतरच्या धामधुमीतला. एवढ्या वर्षांनी निकाल लागला आणि त्यातून ही व्याख्या मिळाली.

शेजारच्या गावाला आणि अरुणाचलला पत्राचा दर एकच. हे कसं काय?

पूर्वी तसं नव्हतं. १८३७ च्या कायद्यानंतर टपाल सर्वांसाठी खुलं झालं खरं, पण दर अंतरावर होता. कलकत्त्याहून मुंबईला एक तोळ्याचं पत्र पाठवायला एक रुपया पडे. त्या काळचा रुपया! साहेबलोक, सावकार आणि पेढ्या यांच्यापलीकडे कोण लिहिणार पत्रं?

१ ऑक्टोबर १८५४ पासून हे पालटलं. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, अंतर कितीही असो. त्याच वेळी देशभर चालणारी तिकिटं आली. (त्याच्या दोन वर्षं आधी, १८५२ मध्ये, सिंध प्रांतात 'सिंध डाक' नावाची तिकिटं निघाली होती. आशियातली पहिली तिकिटं ती. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता.) यामागचा हिशेब इंग्लंडमध्ये १८३७ मध्येच मांडला गेला होता: पत्राचा खरा खर्च ते गोळा करण्यात, वेगळं करण्यात आणि दारात नेण्यात होतो, मधल्या प्रवासात फारसा नाही. म्हणून दर एकसारखा ठेवता येतो. आजही साध्या पाकिटाला २० ग्रॅमपर्यंत ५ रुपये लागतात, मग ते दादरहून परळला जावो की दादरहून तवांगला.

मात्र हे साध्या टपालाला लागू आहे. स्पीड पोस्ट आणि पार्सल यांचे दर वजनाबरोबर अंतरावरही ठरतात, तेव्हा तिथे "दर एकच असतो ना?" म्हणून वाद घालू नका. घातलेला पाहिला आहे.

आपल्या कायद्यात हे बंधन कुठे लिहिलं आहे?

या प्रश्नाचं उत्तर द्यायला आम्हाला जरा अवघड जातं. बोट ठेवून दाखवावं, "रोज, प्रत्येक गावात, अमुक दरात", असं कलम नाही. १८९८ चा भारतीय डाकघर कायदा सव्वाशे वर्षं चालला. त्याच्या जागी डाकघर अधिनियम २०२३ आला आणि १८ जून २०२४ पासून लागू झाला. नवा कायदा आटोपशीर आहे. पोस्टानं कोणत्या सेवा द्यायच्या ते केंद्र सरकार नियमांनी ठरवेल आणि दर वगैरे तपशील टपाल महासंचालक ठरवतील, असा त्याचा साचा आहे.

युरोपीय संघाचा १९९७ चा निर्देश याच्याशी ताडून पाहा. आठवड्यातून निदान पाच दिवस पेटी उघडली गेली पाहिजे आणि निदान पाच दिवस घरी बटवडा झाला पाहिजे, असं तिथे लिहूनच ठेवलं आहे. आपल्याकडे पोस्टाचं कर्तव्य आहे, ते बहुतांशी पाळलंही जातं, पण ते राहतं परिपत्रकांत, पोस्ट उघडण्याच्या निकषांत आणि खात्याच्या सवयीत. परिपत्रकात राहणारी गोष्ट परिपत्रकानं जाऊही शकते. पुस्तकांच्या टपालाचं काय झालं ते खाली येईलच.

आमच्या गावात पोस्ट हवं असेल तर निकष काय आहेत?

खात्यानं हे आकडे ठरवलेले आहेत आणि ते गावकऱ्यांना माहीत असायला हवेत. ग्रामीण शाखा डाकघरासाठी साधारण भागात गाव आणि आसपासची गावं मिळून लोकसंख्या ३,००० हवी. डोंगरी, आदिवासी, वाळवंटी किंवा दुर्गम भाग असेल तर एका गावाची ५०० किंवा गटाची १,००० पुरते. सर्वात जवळचं पोस्ट निदान ३ किलोमीटर दूर असलं पाहिजे, आणि दुर्गम भागात या अंतरालाही सूट मिळू शकते.

खरी गंमत पुढच्या अटीत आहे. साधारण भागात त्या शाखेचं अपेक्षित उत्पन्न खर्चाच्या एक तृतीयांश असलं तरी चालतं. डोंगरी आणि आदिवासी भागात तर १५ टक्के पुरे. म्हणजे भामरागडच्या किंवा अक्कलकुव्याच्या बाजूला एखादी शाखा १०० रुपये खर्चून १५ रुपये मिळवत असली तरी ती निकषात बसते. बाकीचे ८५ रुपये तुटीत जाणार, हे पहिल्या दिवसापासून मान्य केलेलं असतं. सार्वजनिक सेवेचं बंधन आकड्यांत पाहायचं असेल तर ते इथे दिसतं.

शहरांचं गणित उलट आहे. तिथे पोस्टानं सुरुवातीपासून स्वतःचा खर्च भागवायचा, आणि वर्षभरानंतरच्या आढाव्यात ५ टक्के नफा दाखवायचा, तरच ते पुढे चालू ठेवतात. त्यामुळे नव्या वसाहतीत "एवढी लोकवस्ती असून पोस्ट नाही" ही तक्रार येते आणि गडचिरोलीच्या जंगलात पोस्ट असतं. आम्हाला हा क्रम योग्यच वाटतो. शहरवाल्याला रिक्षा तरी मिळते.

देशात आज एक लाख चौसष्ट हजारांहून जास्त डाकघरं आहेत आणि दहापैकी नऊ खेड्यांत. सरासरी २० चौरस किलोमीटरमागे एक पडतं. हिमाचलच्या स्पिती खोऱ्यातलं हिक्किम साडेचौदा हजार फुटांवर आहे, तिथेही आहे.

तोट्यातलं खेड्यातलं पोस्ट बंद होतं का?

निव्वळ तोट्यापायी सहसा नाही, कारण तोटा आधीच धरलेला असतो. शहरांत मात्र जवळजवळची उपडाकघरं एकमेकांत मिसळली जातात.

पन्नास पैशांचं कार्ड पोस्टाला परवडतं तरी कसं?

परवडत नाही. खात्याच्याच वार्षिक अहवालात ते छापलेलं असे. दहाएक वर्षांपूर्वी एका कार्डामागचा खर्च साडेसात रुपयांच्या पुढे गेला होता आणि हाती पडत होते तेच ५० पैसे. आंतरदेशीय पत्राची अडीच रुपयांची कमाईही अशीच.

ही तूट केंद्राच्या तिजोरीतून भरली जाते. २०१८-१९ मध्ये खात्याची एकूण तूट १५,००० कोटी रुपयांच्या आसपास होती, आणि त्यात मोठा वाटा पगार आणि पेन्शनचा. हा आकडा छापून आला की "पांढरा हत्ती" म्हणणारे अग्रलेख निघतात. तलाठ्याचं कार्यालय नफ्यात आहे का, असं मात्र कुणी विचारत नाही. अर्थात सगळी तूट दुर्गम भागाच्या खात्यावर टाकून मोकळं होणंही बरोबर नाही. किती तूट बंधनामुळे आणि किती ढिलाईमुळे, याचा वेगळा हिशेब मांडला जात नाही, आणि तो मांडला तर वाद निम्मा मिटेल.

मग कुरिअर कंपन्या पत्रं नेतात ते कायदेशीर आहे का?

आता आहे. १८९८ च्या कायद्यानुसार पत्रं नेण्याचा एकाधिकार केंद्र सरकारचा होता. कुरिअरच्या पावतीवर 'डॉक्युमेंट' लिहिलेलं असायचं ते उगाच नाही. 'पत्र' म्हटलं की अडचण. नव्या कायद्यात हा एकाधिकार राहिला नाही, फक्त टपाल तिकिटं काढण्याचा हक्क पोस्टाकडे आहे.

एकाधिकारामागे एक तर्क असतो: मुंबई-पुण्याच्या दाट टपालातून सुटलेला पैसा मेळघाटच्या विरळ टपालाला पुरवायचा. तो एकाधिकार कागदावरून २०२४ मध्ये गेला, व्यवहारातून केव्हाच गेला होता. मलईची गल्ली कुरिअरनं घेतली आणि डोंगरावरची पायवाट पोस्टमनकडे राहिली.

रजिस्टर पत्र बंद झालं म्हणतात. आता कोर्टाची नोटीस कशी पाठवायची?

बंद नाही, स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं, २०२५ मध्ये. 'रजिस्टर'चा अर्थ होता की ज्याचं नाव त्याच्याच हातात द्यायचं आणि सही घ्यायची. तीच सोय आता स्पीड पोस्टवर जादा ५ रुपये आणि कर भरून घेता येते. ओटीपी सांगितल्यावरच पाकीट द्यायचं, अशीही सोय तेवढ्याच पैशांत आहे. खिडकीवर तोंडानं स्पष्ट मागा: "रजिस्ट्रेशनसकट". न मागता मिळत नाही. नोटिशीसाठी वकिलांना हे एव्हाना ठाऊक आहे, पण भाडेकरूला स्वतःच पत्र लिहिणाऱ्या आजोबांना नसतं. पाठवल्याची पावती जपून ठेवा.

दराचा फरक जाणवेल. स्पीड पोस्टचे नवे दर १ ऑक्टोबर २०२५ पासून आहेत: ५० ग्रॅमपर्यंत गावातल्या गावात १९ रुपये, बाहेरगावी ४७ रुपये, वर कर. विद्यार्थ्यांना १० टक्के सवलत आहे, परीक्षेचे अर्ज पाठवणाऱ्यांनी मागून घ्यावी.

पुस्तकं आणि मासिकं स्वस्तात जायची ती सोय राहिली का?

इथे आम्ही जरा लांबण लावणार, कारण वाचनालयाच्या जिवाचा प्रश्न आहे.

ज्ञानाचा प्रसार स्वस्त असावा हे पोस्टाच्या जुन्या कर्तव्यांपैकी एक. नोंदणीकृत वृत्तपत्राचा अंक ५० ग्रॅमपर्यंत २५ पैशांत जातो, आजही. फक्त दोन अंकांत ३१ दिवसांपेक्षा जास्त अंतर नको आणि खरेखुरे वर्गणीदार हवेत, ही १८९८ च्या कायद्यापासूनची अट. साप्ताहिकं, पाक्षिकं, मासिकं त्यात बसतात. त्रैमासिकं बसत नाहीत.

त्रैमासिकं, छोटे प्रकाशक, घरून पुस्तकं विकणारे, हे सगळे बुकपोस्टवर जगत. रजिस्टर बुकपोस्टनं पाच किलोचा गठ्ठा ८० रुपयांत देशात कुठेही जायचा. १८ डिसेंबर २०२४ ला ही सोय थांबली. आधी सूचना नाही, काही नाही. खिडकीवर गेलो तर "संगणकात तो पर्यायच दिसत नाही" असं उत्तर. त्या आठवड्यात आमच्याकडे आंतरवाचनालयीन देवाणघेवाणीचे तीन गठ्ठे सुतळी बांधून पडून होते. देशभरातल्या प्रकाशकांनी ओरड केली. मग १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' आलं: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोला १०० रुपये, वर कर. टपाल जमिनीवरून जातं, पण कुठे पोचलं ते पाहता येतं. शैक्षणिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकं चालतात, मात्र पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव हवं.

नियतकालिकांना ज्ञान पोस्टमध्ये जागा नाही. म्हणजे वाङ्मयीन त्रैमासिक ना वृत्तपत्रात, ना पुस्तकात. वर्षातून एकदाच निघणाऱ्या दिवाळी अंकाची तीच गत. शंभर वर्षांहून जुनी दिवाळी अंकांची परंपरा आणि तिला टपालात नेमका रकाना नाही. हा निर्णय कुणी दुष्टपणानं घेतला असं वाटत नाही. रकाने आखणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असा अंकच नसावा.

अंध वाचकांसाठी काही सवलत आहे?

आहे, आणि ती सवलत नव्हे, माफी आहे. ब्रेल साहित्याचं सात किलोपर्यंतचं पाकीट साध्या टपालानं पूर्ण मोफत जातं. त्यावर रजिस्टरचं शुल्कही घेत नसत. आमच्याकडे येणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना हे माहीत नसतं.

आमचं शाखा पोस्ट दुपारनंतर बंद असतं. पूर्ण दिवस का नाही?

कारण तिथला ब्रँच पोस्टमास्तर पूर्ण दिवसाचा सरकारी नोकर नाही. तो ग्रामीण डाकसेवक आहे. दिवसाला चार किंवा पाच तास काम, आणि त्या मोबदल्याला पगार म्हणत नाहीत, 'भत्ता' म्हणतात. पोटापाण्याचं दुसरं साधन असावं अशी अपेक्षा, आणि पोस्टासाठी जागाही बहुधा त्यानंच द्यायची. म्हणून अनेक गावांत पोस्ट म्हणजे कुणाच्या तरी ओटीवरचं टेबल असतं. २००१ पर्यंत या लोकांना 'एक्स्ट्रा डिपार्टमेंटल' म्हणत, म्हणजे खात्याबाहेरचे. सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्ये त्यांचं पद 'नागरी पद' मानलं, तरी नियमित कर्मचाऱ्याची पेन्शन त्यांना नाही.

असे अडीच लाखांच्या आसपास सेवक आहेत. "सगळीकडे, कायम, परवडणाऱ्या दरात" हे जे वर लिहिलं, त्यातलं "परवडणाऱ्या" यांच्या खिशातून येतं. दुपारी कुलूप दिसलं तर चिडण्याआधी एवढं आठवावं.

बचत खातं, विमा, आधार हेही पोस्टाचं बंधन आहे का?

जागतिक कराराच्या अर्थानं नाही. पण आपल्याकडे पोस्ट नुसतं पत्रांचं कधीच नव्हतं. मनीऑर्डर १८८० पासून, बचत बँक १८८२ पासून, विमा १८८४ पासून. गिरणगावातल्या खोलीतून रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे जाणाऱ्या मनीऑर्डरींवर कोकणातल्या कित्येक चुली पेटल्या. पोस्टमन पैसे मोजून द्यायचा आणि वाचता न येणाऱ्या सासूबाईंना खालची चार ओळींची खुशालीही वाचून दाखवायचा.

आज ते काम २०१८ मध्ये सुरू झालेली इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक करते. अंगठा लावून घरबसल्या पैसे काढता येतात. पेन्शनरांचा हयातीचा दाखलाही पोस्टमन घरी येऊन ७० रुपयांत करून देतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी नोव्हेंबरात हे आठवणीनं सांगा.

अमेरिकेतल्या लेकीला फराळ पाठवायचा आहे. पोस्टावर भरवसा ठेवावा का?

देशाबाहेर पोस्टाचं कर्तव्य दुसऱ्या देशाच्या सहकार्यावर चालतं. २०२५ मध्ये अमेरिकेनं ८०० डॉलरपर्यंतच्या वस्तूंची करमाफी काढून घेतली, तो कर कुणी कसा गोळा करायचा हे स्पष्ट नव्हतं, आणि ऑगस्टच्या शेवटी आपल्या खात्यानं अमेरिकेचं टपाल थांबवलं. ते १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झालं. दिवाळी पाच दिवसांवर! त्या वर्षी पुष्कळ चकल्या इथेच खाल्ल्या गेल्या. आता कर इथेच आधी भरून पार्सल जातं. नवरात्रातच पाठवा.

पिनकोड चुकला तर पत्र परत येतं का?

लगेच नाही. पत्ता कळत असेल तर पोचवायचा प्रयत्न होतो, फक्त आधी भलतीकडे फिरून येतं. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला, आणि त्यामागचं डोकं मराठी होतं: टपालखात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर. एकाच नावाची गावं आणि डझनभर लिप्या यांत वाट काढायला सहा आकडे पुरले. पहिले तीन वर्गीकरणाचा जिल्हा (टपाल वेगळं करण्याचा विभाग) सांगतात, शेवटचे तीन बटवड्याचं पोस्ट. महाराष्ट्र-गोव्याचे कोड ४० ते ४४ नं सुरू होतात, त्यात ४०३ गोव्याचा.

पाकीट हरवलं तर भरपाई मिळते?

मिळाली तरी जिवाला लागेल इतकी कमी. नियमांत सांगितलेल्या भरपाईपलीकडे पोस्ट जबाबदार नाही, आणि कर्मचारीही नाही, त्यानं जाणूनबुजून किंवा लबाडीनं नुकसान केलं असेल तर गोष्ट वेगळी. जुन्या कायद्यात हे होतं, नव्यातही आहे. स्पीड पोस्ट हरवल्यास शुल्काच्या दुप्पट किंवा १,००० रुपये यांतली कमी रक्कम, असा नियम वर्षानुवर्षे चालत आला. सगळ्यांना सेवा द्यायची तर प्रत्येक पाकिटाची पूर्ण जोखीम घेता येणार नाही, हा खात्याचा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. पण मूळ कागदपत्रं, दागिना असं काही पाठवायचं असेल तर विमा उतरवूनच पाठवा.

तक्रारीचा निःशुल्क क्रमांक १८०० २६६ ६८६८. त्यानं काम झालं नाही तर ठरावीक काळानं भरणाऱ्या डाक अदालतीत लेखी अर्ज करता येतो.

पत्रंच कोणी लिहीत नाही, मग हे बंधन ठेवायचं कशाला?

डेन्मार्कनं हाच प्रश्न विचारला. तिथल्या टपाल कंपनीनं २०२५ च्या अखेरीस पत्रांचा बटवडा बंद केला, चारशे वर्षांनंतर, आणि लाल पेट्या उचलल्या. पण पत्र पाठवण्याची सोय राहिलीच पाहिजे हे तिथल्या कायद्यात आहे, म्हणून ते काम दुसऱ्या खाजगी कंपनीकडे गेलं. ब्रिटननंही २०२५ मध्ये दुय्यम दर्जाच्या पत्रांचा बटवडा एक दिवसाआड केला. दोन्हीकडे आधी चर्चा झाली, हरकती मागवल्या गेल्या, मग निर्णय झाला. आपल्याकडे आधार, एटीएम कार्ड, पॅन, कोर्टाचे समन्स अजून पोस्टानंच येतात. "पत्रं संपली" म्हणणाऱ्यानं आपल्या दारातली मागची दहा पाकिटं तपासावीत.

आमच्या कोपऱ्यावरची लाल पेटी काढून नेली. परत मिळेल?

पेटीत टपाल पडत नाही असं दिसलं की ती हलवतात. आपल्या विभागाच्या डाकघर अधीक्षकांना लेखी अर्ज द्या. पेटी कधी काढली, का काढली, जवळची दुसरी किती लांब आहे, हे विचारा. आसपासच्या पंधरा-वीस घरांच्या सह्या घ्या, त्यात ज्येष्ठ किती ते लिहा. अर्ज दोन प्रतींत करा, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.